पकडणाऱ्याचं नाव

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. शिरसाष्टांग लिहिणार होतो, पण डावा गुडघा वाकत नाही, आणि खोटं काही लिहायचं नाही असं सध्या ठरवलंय.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीने गॅलरीत टोमॅटो लावलेत. चार आलेत, आणि घरात त्या चौघांची चौकशी माझ्यापेक्षा जास्त होते. ऑफिसात माझे चौदा महिने उरलेत. नमुने विभागाचा प्रमुख म्हणून दारावर पाटी आहे, तिचा एक स्क्रू पडलाय आणि ती वाकडी झालीय. शिपायाला तीनदा सांगून झालं.

पत्र पाहून तू म्हणशील, याला फोन करायला काय झालं? खरं सांगतो, फोनवर तू "बोला साहेब" म्हणतेस आणि मग पुढचं काही सुचत नाही. अकरा वर्षं झाली, अजून सवय झाली नाही. पत्रात निदान तुझा आवाज मध्ये येत नाही.

तुझी होडी कशी आहे? इंजिन अजून चौथ्या दोरीलाच सुरू होतं, की तू शिव्या बदलल्यास?

एक सहज विचारायचं होतं. तो बिस्किटांचा डबा अजून आहे का गं तुझ्याकडे, गुरगुऱ्या माशाच्या खड्यांचा? आई मासा कापायला बसली की तू समोर ठाण मांडायचीस, डोक्याचा तुकडा आधी हिसकून घ्यायचीस आणि आतले दोन पांढरे खडे बोटाने उकरून काढायचीस. मला हात लावू द्यायची नाहीस. आबांनी तुला प्रत्येक हंगामाची वेगळी पुडी बांधायला शिकवलं होतं, वर पेन्सिलीने साल. मी एकदा दोन पुड्या एकत्र केल्या तेव्हा तू मला होडीखाली कोंडलं होतंस. तो डबा असेल तर पाठव. बसच्या ड्रायव्हरकडे दिलास तरी चालेल, तो आमच्या फाटकापाशीच थांबतो.

कशाला, तेही सांगतो. आमच्याकडे एक नवी बाई आली आहे, शास्त्रज्ञ. वय तिशीचं, चप्पल न काढता प्रयोगशाळेत जाणाऱ्याला ती तोंडावर बोलते, मोठ्या साहेबांनासुद्धा. ती म्हणते, माशाच्या डोक्यातल्या या खड्यावर वाळलेल्या पातळ सालीचा अंश राहतो, आणि चाळीस वर्षांनंतरही त्यातून त्या माशाचं घराणं वाचता येतं. कोण कुणाचा, कुठल्या पाण्यातला, सगळं. आपले खडे मासे पाळायचे पिंजरे यायच्या कितीतरी आधीचे आहेत. तसे दुसऱ्या कुणाकडे असतील असं वाटत नाही.

पिंजऱ्यांच्या कंपनीला खाडीच्या तोंडाशी दुसरी रांग लावायची आहे हे तुझ्या कानावर असेलच. शिवाय बीज केंद्रातली पाच लाख पिल्लं खाडीत सोडायची म्हणतायत, मासे वाढावेत म्हणून. वीस मार्चला शाळेच्या त्याच हॉलमध्ये सभा आहे. आपल्या खाडीतला गुरगुऱ्या बाहेरच्यापेक्षा वेगळा आहे असं निघालं तर दोन्ही गोष्टी थांबतील. नाही निघालं तर थांबवायला कुणाकडे कारण नाही. नवी बाई म्हणते, एकदा पाच लाख परकी पिल्लं आत मिसळली की खाडीतला मूळ मासा परत वेगळा काढता येणार नाही, दुधात पाणी घातल्यावर काढता येत नाही तसा.

तू म्हणशील, वेगळा नाही हे तर अकरा वर्षांपूर्वीच ठरलं ना, तूच तर वाचून दाखवलंस. हो, ठरलं होतं. पण आता तपासण्या सुधारल्यात. आणि त्या वेळचे नमुने जरा अपुरे होते.

असो. गुडघ्याला तेल लावायची वेळ झाली.

तुझा भाऊ

ता. क. खडे परत मिळतील. तू विचारायच्या आधी सांगतो.


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,

डबा मिळाला. ड्रायव्हर म्हणाला, "काय हो, यात बाँब आहे का? बाईंनी मला मांडीवर ठेवून आणायला लावला." तू जाळ्याच्या तुकड्यात बांधला होतास. तुझ्या गाठी मला सुटल्या नाहीत. शेवटी कात्री आणली, तेव्हा तुझी भावजय म्हणाली, "आणि म्हणे होडीवाल्याचा मुलगा."

आतली चिठ्ठी वाचली. "मोजून दोनशे बारा आहेत. मोजून परत पाहिजेत." मायना नाही, सही नाही. तरी पाठवलास, हे माझ्या लायकीपेक्षा जास्त झालं.

नव्या बाईने वेगवेगळ्या सालांचे चोवीस खडे घेतले. एकोणीस वाचता आले. परवा निकाल आला आणि तिने मला मुद्दाम बोलावून पडद्यावर दाखवला. एका बाजूला ठिपक्यांचा एक पुंजका, तो बाहेरच्या समुद्रातला मासा. लांब दुसरा पुंजका, तो पिंजऱ्यातला. आणि वर कोपऱ्यात, दोघांपासून फटकून, एकोणीस ठिपके. एकमेकांना धरून, तरी प्रत्येक आपापल्या जागी. "हे तुमच्या बहिणीचे," ती म्हणाली. "इतकं वेगळं घराणं मी या किनाऱ्यावर पाहिलेलं नाही."

ताई, तुझं बरोबर होतं. हे वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली, म्हणून परत एकदा लिहितो. तुझं बरोबर होतं.

ती सभा मला रोज आठवते असं म्हणालो तर खोटं होईल. मी ती न आठवण्यात बराच तरबेज झालोय. पण परवापासून आठवते. तू चौथ्या रांगेतून उठलीस. हातात कागद नाही, काही नाही. म्हणालीस, आमच्या खाडीतला गुरगुऱ्या बाहेरच्यांच्या पंधरा दिवस मागून येतो, गोड्या पाण्याला भीत नाही, आणि बोलतो वेगळं. आमच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "बोलतो म्हणजे?" तेव्हा तू सांगितलंस की वल्हं पाण्यात उभं धरून दांड्याला कान लावला की ऐकू येतं. बाहेरचा तीनदा गुरगुरतो, आपला दोनदा, आणि दुसऱ्यांदा लांबवतो. आणि तू तो आवाज काढून दाखवलास. भर हॉलमध्ये, घशातून, आबा काढायचे तस्सा.

हॉल हसला. साहेब हसले. साहेब हसले म्हणून मीही हसलो. तू माझ्याकडे बघत होतीस.

मग मी उठून अहवाल वाचला. "खाडीच्या तोंडाशी पकडलेल्या चाळीस माशांच्या तपासणीत स्वतंत्र समूह असल्याचा पुरावा आढळला नाही. पिंजऱ्यातील वाणाशी पूर्ण साम्य." वाचताना माझा आवाज चांगला खणखणीत लागला होता. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "छान वाचलंत, साहेब." त्या दिवसापर्यंत मी तुझं शेपूट होतो. पाय फुटल्यापासून तुझ्या मागेमागे, म्हणून तू ठेवलेलं नाव. ते नाव मी नंतर तुझ्या तोंडून ऐकलं नाही.

आता ते "अपुरे नमुने" काय होते ते सांगतो. मागच्या पत्रात टाळलं होतं.

तुला माहीत आहे, मला बोट लागते. आबांनी काय काय केलं! आलं चघळायला दिलं, पोटाला पट्टा बांधला, क्षितिजाकडे बघ म्हणाले. मी क्षितिजाकडे बघत ओकायचो. सात पिढ्या होडीवर काढलेल्या घरात एक पोरगा असा निघाला की धक्क्याला बांधलेल्या होडीतही हिरवा व्हायचा. आबा म्हणाले, "याला शाळेत घाला." सगळ्यांना वाटतं मी हुशार होतो म्हणून शिकलो. मी ओकायचो म्हणून शिकलो, आणि होडी तू घेतलीस.

ऑफिसात हे मी कुणाला कळू दिलं नाही. मला नमुने गोळा करायचं काम मिळालं ते होडीवाल्याचा मुलगा म्हणूनच. "तुम्हाला काय, घरचंच पाणी," असं साहेब म्हणायचे, आणि मी मान डोलवायचो. आधीची वर्षं निभली, कारण बाकीच्या जागी किनाऱ्यावरच जाळी ओढायचे. खाडीच्या तोंडाशी मात्र होडीतून जाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. चाळीस मासे जिवंत धरायचे, प्रत्येकाच्या पराचा नखाएवढा तुकडा कापायचा, स्पिरिटच्या कुपीत टाकायचा आणि मासा परत सोडायचा. तुझ्या होडीतून जायचं ठरलं होतं. सकाळी साडेपाचला मी घरून निघालो, पाण्यावरच्या लाटा पाहिल्या, आणि माझे पाय लिलावाच्या शेडकडे वळले.

तिथे एका टोपलीत गुरगुरे होते, सगळे एका मापाचे, बर्फात ओळीने लावलेले. मी विकणारणीला विचारलं, "खाडीतले ना?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तिथले."

ताई, मी हसलो. मला वाटलं, गंमत करतेय. पुढे एक प्रश्न विचारायला हवा होता, तो मी विचारला नाही, कारण उत्तर नको होतं. ऑफिसातल्या मागच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी चाळीस तुकडे कापले. पाऊण तास लागला. पोटात अजिबात ढवळलं नाही.

नव्या बाईने त्या जुन्या कुप्या आता फ्रीझरमधून काढून नव्या पद्धतीने तपासल्या. चाळीसही मासे मिळून तीन आयांची पोरं. ती म्हणाली, "मोकळ्या समुद्रात जाळं टाकून चाळीस सख्खी-चुलत भावंडं एकदम मिळत नाहीत, सर. हे पिंजऱ्यात पाळलेले मासे आहेत." कंपनीचे पिंजरे तेव्हा दुसरीकडे होतेच, तिथलाच माल शेडमध्ये यायचा. म्हणजे पिंजऱ्यातला मासा पिंजऱ्यातल्या माशाशी ताडून बघितला, आणि पूर्ण साम्य आढळलं. आढळणारच. त्या अहवालावर आपल्या खाडीत पहिली रांग लागली. पिंजरे दोनदा फाटले, मासे बाहेर पडले, खाडीत मिसळले. तुझ्या जाळ्यात आता कसले लठ्ठ, मऊ मासे येतात ते तूच बघतेस.

माझ्या मळमळीपायी हे झालं. लाज वाटते म्हणणं फार थोडं आहे. परवा आरशात दाढी करताना अर्धी करून थांबलो, आणि तसाच बसलो. तुझी भावजय म्हणाली, "ब्लेड संपलं का?" मी हो म्हणालो.

एवढंच होतं. सगळं सांगून टाकलं. आता काही उरलं नाही.

तुझा धाकटा

ता. क. एकशे अठ्ठ्याऐंशी खडे परत पाठवतोय. चोवीस प्रयोगशाळेत आहेत, सभेनंतर येतील. मोजून घे.


१२ मार्च

ताई,

"आता काही उरलं नाही असं लिहिलंयस म्हणजे उरलंय." तुझी चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात घेऊन फिरतोय. घाम लागून शाई पसरलीय, पण मला पाठ झालीय.

तू लिहिलंस: "तू येणार म्हणून मी तीन दिवस होडी थांबवली होती. धंद्याचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी बादलीसुद्धा ठेवली होती, तुला ओकायला. तू आला नाहीस. मग शाळेत तू वाचलंस की खाडीच्या तोंडाशी पकडलेले चाळीस मासे. मला तिथेच कळलं. उठून सांगितलं असतं तर तुझी नोकरी गेली असती, म्हणून खाली बसले. बाकी काय लपवलंयस ते सांग."

म्हणजे तुला माहीत होतं. अकरा वर्षं तुला माहीत होतं, आणि तू फक्त "साहेब" म्हणालीस. सगळा हॉल तुला हसत असताना एका वाक्यात तू मला उघडा पाडू शकत होतीस. मी समजत होतो की तू माझ्यावर रागावलीस कारण मी हसलो. माझी समजच तेवढी.

आता उरलेलं सांगतो. हे सांगायला मला तुझी चिठ्ठी मिळूनही आठ दिवस लागले, यावरून काय ते समज.

प्रत्येक नमुन्याबरोबर एक फॉर्म असतो. तारीख, जागा, पाण्याची खोली, जाळ्याचा प्रकार. शेवटचा रकाना "पकडणाऱ्याचं नाव", आणि त्यापुढे सही. त्या दिवशी वर्तमानपत्राची घडी करून टोपलीत टाकली आणि फॉर्म भरायला बसलो. तारीख लिहिली. जागा लिहिली, खाडीचं तोंड. खोली मला लहानपणापासून माहीत होतीच, चार वाव. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. विकणारणीचं नाव घालता येत नव्हतं. कोरा ठेवला असता तर फॉर्म परत आला असता.

मी तुझं नाव लिहिलं, ताई. तुझं आणि तुझ्या होडीचं.

सहीसुद्धा मीच केली. तुझी सही मला येते. माझ्या प्रगतिपुस्तकावर आबांच्या ऐवजी तूच तर करायचीस, गणितात नापास झालो की. त्या सहीचं शेवटचं वळण कसं खाली ओढायचं ते मी शेजारी उभा राहून बघायचो. तू ज्या सहीने मला वाचवलंस ती मी अशी वापरली.

म्हणजे तू चौथ्या रांगेत उभी राहून सांगत होतीस की मासा वेगळा आहे, आणि माझ्या हातातल्या कागदांच्या गठ्ठ्यात तळाशी तुझ्याच सहीचा पुरावा होता, की तो वेगळा नाही. ते तुला माहीत नव्हतं. मला होतं, आणि तरी मी हसलो.

तेव्हा मनाची समजूत घातली होती, फॉर्म कोण बघतंय? अकरा वर्षं कुणी बघितलाही नाही. बावीस फेब्रुवारीला नव्या बाईने बघितला. मोठ्या साहेबांच्या खोलीत आम्ही तिघं होतो. तिने आधी खड्यांचा निकाल मांडला, मासा वेगळाच आहे म्हणून. मग त्या चाळीस कुप्यांचा, ते पिंजऱ्यातले म्हणून. साहेबांनी फाइल उलटली आणि म्हणाले, "पकडणारीचं नाव आहे की इथे. म्हणजे या बाईनेच आपल्याला पिंजऱ्यातले मासे आणून दिले." मग स्वतःच थांबून म्हणाले, "हीच ना ती, गुरगुर करणारी? वर तोंड करून सभेत विरोध, आणि आतून कंपनीला सामील! काय एकेक माणसं असतात."

खडे मागवले तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं ते आता कबूल करतो. वाटलं होतं, खड्यांनी खाडीचं काम होईल, पिंजरे थांबतील, आणि जुन्या नमुन्यांकडे परत बघायची कुणाला गरज पडणार नाही. मला काही बोलावं न लागता सगळं सरळ होईल. झालं उलटंच. तुझेच खडे तुझ्याविरुद्ध उभे राहिले. मासा खरंच वेगळा होता, म्हणजे चाळीस मासे देणाऱ्याने फसवलं होतं, आणि देणाऱ्याच्या जागी तुझं नाव.

नव्या बाईने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत आहे तू माझी बहीण. "सर, तुम्हाला काही सांगायचंय?" असं तिने स्वच्छ विचारलं.

मी म्हणालो, "बघावं लागेल."

बघावं लागेल! पस्तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी हजारदा म्हटलं असेन, पण त्या दिवशी ते जिभेवर आयतं आलं याची मला शिसारी आली. आणि त्यानंतर दोन दिवसांनी मी तुला ते लांबलचक पत्र लिहिलं, आबा आणि आलं आणि दाढी, सगळं घातलं, आणि हे वगळलं. माझी लाज मी तुला निवडून निवडून पाठवली. त्यातल्या त्यात दिसायला बरी होती तेवढी.

काल बोललो.

आधी लेखी दिलं, दीड पान, माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. मग नव्या बाईसमोर आणि साहेबांसमोर वाचून दाखवलं. आवाज खणखणीत नव्हता. बाईने एकच विचारलं, "सहीपण तुमचीच?" मी हो म्हणालो. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला ओरडली असती तर बरं झालं असतं. चप्पल घालून आत जाणाऱ्याला सोडत नाही ती.

साहेब मात्र बोलले. दार लावून घेतलं आणि एकदम अरे-तुरेवर आले. "कशाला उकरून काढतोस? तेराच महिने राहिलेत. आजारपणाचं कारण देऊन आधी निवृत्त हो. त्या रकान्याचं मी बघतो, 'नोंद अस्पष्ट' असं लिहू. तुझ्या बहिणीलाही त्रास नाही, तुलाही नाही." ताई, दोन मिनिटं मला ते बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? गुडघ्याचं सर्टिफिकेट तर खरंच मिळालं असतं. पण "नोंद अस्पष्ट" म्हणजे ज्याला संशय घ्यायचा तो तुझ्यावर घेत राहणार, आणि मला तो पुसता येणार नाही. मी नको म्हणालो. त्यांनी मला माझ्या त्या दीड पानावरूनच निलंबनाचं पत्र दिलं. पाटी काढायला शिपाई लगेच आला. तीन महिने स्क्रू मिळत नव्हता, स्क्रू ड्रायव्हर मात्र लगेच मिळाला.

तुझ्या भावजयीला काल संध्याकाळी सांगितलं. ती बराच वेळ टोमॅटोंना पाणी घालत राहिली, कुंडीतून पाणी बाहेर आलं तरी. मग म्हणाली, "ताईंना आधी सांगायचं होतंत." तेवढंच. जेवण वाढलं, पण समोर बसली नाही.

वीस तारखेला शाळेच्या हॉलमध्ये मी ते दीड पान वाचणार आहे. ऑफिसचा माणूस म्हणून नाही, आता तो हक्क नाही. लोकांच्या रांगेतून, हात वर करून. कंपनीचे लोक म्हणतील, याच्या शब्दाला आता काय किंमत? बरोबरच म्हणतील. म्हणून माझ्या शब्दावर काही टेकवून चालणार नाही. नव्या बाईचं म्हणणं, खड्यांनी एवढंच सिद्ध होतं की वेगळा मासा होता. अजून आहे, हे दाखवायला जिवंत मासे लागतील. जाळ्यात अधूनमधून येणाऱ्या मिसळीच्या माशांत तिला अजून त्या एकोणिसांचं रक्त दिसतंय, म्हणजे मूळचे कुठेतरी उरले असणार. पण कुठे आणि कधी, ते तिच्या यंत्रात नाही. ते तुझ्या कानात आहे.

बाहेरचे गुरगुरे दोन मार्चला येऊन गेले असं धक्क्यावर कळलं. तुझ्या पंधरा दिवसांच्या हिशेबाने आपले सतराच्या आसपास यायला हवेत. नवी बाई सतराला सकाळी सहा वाजता धक्क्यावर येणार आहे, चाळीस कुप्या घेऊन. मासे धरायचे, नखाएवढा तुकडा घ्यायचा, सोडून द्यायचे. अठरा आणि एकोणीस दोन्ही दिवस ती तपासणीला बसेल, वीसला सभेत मांडेल. कुणाच्या होडीतून जायचं हे तिने मला विचारलं. मी म्हणालो, वल्ह्याला कान लावणारी एकच आहे, पण ती आम्हाला नेईल का ते मला सांगता येत नाही. तू हो किंवा नाही काहीही म्हटलंस तरी मी ते योग्यच धरीन. माझ्यासाठी ने असं मी म्हणत नाही. ते तोंड माझ्याकडे उरलेलं नाही. त्या दोनदा बोलणाऱ्यांसाठी ने.

मीपण धक्क्यावर असेन. होडीत घेतलंस तर येईन, आणि बादली माझी मी आणेन. हिरवा होईन, ओकेन, पण या वेळी प्रत्येक मासा कुठल्या पाण्यातून वर आला ते माझ्या डोळ्यांनी बघेन. घेतलं नाहीस तर धक्क्यावर उभा राहीन, तुम्ही परत येईपर्यंत. तू तीन दिवस उभी होतीस.

सोबत नवा फॉर्म पाठवतोय. तारीख, जागा, खोली, जाळं, काहीच भरलेलं नाही. शेवटच्या रकान्याला मी हात लावणार नाही. भरायचा की फाडायचा ते तू बघ. जुन्या फॉर्मची नक्कल पण जोडलीय. तुझं नाव माझ्या अक्षरात कसं दिसतं ते तुला बघायचा अधिकार आहे. सहीचं शेवटचं वळण मला तेव्हाही नीट जमलं नव्हतं.

ड्रायव्हरकडे हे देतोय, तो तुझ्या हातातच देईल. परत काही पाठवायची गरज नाही. सतराला धक्क्यावर तू मला काय हाक मारतेस ते ऐकायला येईन. "साहेब" म्हणालीस तरी मागे वळून बघेन.

नाव लिहायची हिंमत नसलेला, आणि तुझं लिहून मोकळा झालेला,

तुझा भाऊ